जिंकलेला देश चालवायला माणसे कुठून आणायची?

एखादे शहर ताब्यात आल्यावर विजयी सैन्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या माणसांची निकड भासते, ती बंदुका चालवणारी नसतात. पाण्याचे पंप सुरू करणारा अभियंता, धान्याचे वाटप सांभाळणारा कारकून, तुरुंगातला कोणता कैदी कोणत्या गुन्ह्यासाठी आत आहे हे सांगू शकणारा अधिकारी, साथीचे रोग पसरण्याआधी दवाखाने उघडणारे डॉक्टर आणि या सर्वांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा दुभाषी, अशी ती माणसे असतात. सैन्याकडे ती पुरेशी नसतात आणि स्थानिक समाजात असतात ती बहुधा कालपर्यंत शत्रूच्या सरकारची नोकरी करत असतात. जिंकलेल्या प्रदेशाचा कारभार काही काळ सैन्याच्या हाती असतो तेव्हा त्या व्यवस्थेला लष्करी प्रशासन म्हणतात, आणि असे प्रशासन उभे करण्यातला सर्वांत अवघड भाग नोकरभरतीचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, जपान आणि कोरिया या तीन देशांत अमेरिकेने जे प्रशासन उभारले त्याच्या आधारे हा प्रश्न समजून घेता येतो. तिन्ही ठिकाणी मालक एकच होता, काळही एकच होता, परंतु माणसे निवडण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या, आणि त्यामुळे तिन्ही देशांच्या वाट्याला आलेला कारभारही वेगळा होता.

मुळात जिंकणाऱ्याने कारभार चालवलाच पाहिजे, हे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्याचे आहे. १९०७ च्या हेग नियमावलीतील ४३ व्या कलमानुसार, प्रदेश ज्याच्या ताब्यात आला त्याने तिथली सार्वजनिक सुव्यवस्था आणि लोकांचे दैनंदिन जीवन पूर्ववत करण्यासाठी शक्य ते सर्व करायचे असते, आणि अगदीच अशक्य झाल्याखेरीज तिथले चालू कायदे पाळायचे असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की न्यायालये, पोलीस, शाळा, करवसुली आणि पाणीपुरवठा यांना ‘आमचे काम फक्त लढण्याचे’ असे सांगून वाऱ्यावर सोडता येत नाही. हे काम करण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर विजेत्याने स्वतःचे अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात बसवून थेट हुकूम चालवायचा, किंवा पराभूत देशाचे सरकार जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावर आपली देखरेख बसवायची. पुस्तकांत या दोन मार्गांची चर्चा बहुधा राजकीय तत्त्वांच्या अंगाने केलेली आढळते. मला मात्र वाटते की यातला निर्णय पुष्कळदा आपल्याकडे त्या देशाची भाषा जाणणारी माणसे किती आहेत, या साध्या हिशेबावर ठरत आला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने जर्मनीच्या ऱ्हाइनलँड भागाचा काही वर्षे कारभार पाहिला होता. त्या अनुभवावर कर्नल अर्विन हंट यांनी १९२० साली सविस्तर अहवाल लिहिला आणि या कामाचे कसलेही प्रशिक्षण नसलेल्या अधिकाऱ्यांवर ते येऊन पडले होते, असे स्पष्ट नोंदवले. तो अहवाल वीस वर्षे फारसा कोणी उघडला नाही. अमेरिका पुन्हा युद्धात उतरल्यावर मात्र मे १९४२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या शार्लट्सव्हिल येथील आवारात लष्करी प्रशासनाची शाळा सुरू झाली. पुढे हार्वर्ड, येल, शिकागो, मिशिगन, स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांतही असे वर्ग भरू लागले, आणि नौदलाने कोलंबिया विद्यापीठात स्वतःची वेगळी सोय केली. मार्च १९४३ मध्ये युद्धखात्यात यासाठी स्वतंत्र विभाग निघाला.

या वर्गांसाठी तरुण सैनिक नको होते. नगरपालिका चालवलेले, वकिली केलेले, पोलीसखाते, बँक, धरण किंवा रुग्णालय सांभाळलेले प्रौढ लोक हवे होते, आणि अशा नागरिकांना थेट अधिकारपद देऊन सैन्यात घेण्यात आले. गणवेशधारी माणसांनी नागरी सत्ता चालवायला शिकावे, हे वॉशिंग्टनमधल्या अनेकांना रुचले नाही. अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्यासारख्या मंत्र्यांचा विरोध होता आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही १९४२ च्या अखेरीस हे काम मुलकी खात्यांकडे असावे असे वाटत होते. ही शंका अगदीच निराधार नव्हती. पण लढाई चालू असलेल्या प्रदेशात मुलकी खात्यांकडे ना वाहने होती, ना इंधन, ना अन्नसाठा. ते सारे सैन्याकडेच होते, म्हणून काम सैन्याकडे गेले.

जर्मनीसाठीची माणसे १९४४ च्या सुरुवातीपासून इंग्लंडमधील श्रिव्हनम येथे गोळा करण्यात आली. त्यांच्या लहानमोठ्या तुकड्या करून प्रत्येक तुकडीला आधीच एखादे शहर किंवा जिल्हा नेमून दिलेला होता, म्हणजे आकृतिबंध कागदावर तयार होता. खरी परीक्षा २१ ऑक्टोबर १९४४ रोजी आखेन हे पहिले मोठे जर्मन शहर ताब्यात आल्यावर सुरू झाली. तिथे महापौर म्हणून फ्रान्झ ओपनहॉफ या कॅथलिक वकिलाची नेमणूक झाली. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, परंतु त्यांनी आपल्या हाताखाली जी माणसे घेतली त्यांत काही जण पक्षाचे जुने सदस्य होते. इकडे अमेरिकी अधिकाऱ्यांना शहर चालवायचे होते आणि त्यासाठी अनुभवी माणूस हवा होता. तिकडे अनुभव नेमका त्यांच्याकडेच होता ज्यांनी बारा वर्षे नाझी राजवटीत काम केले होते. १९४५ च्या सुरुवातीला चौकशी झाली, वृत्तपत्रांतून टीका झाली आणि काही जणांना काढावे लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २५ मार्च १९४५ रोजी, नाझींनी पाठवलेल्या मारेकऱ्यांनी ओपनहॉफ यांची हत्या केली. परक्या सैन्याची नोकरी पत्करणारा स्थानिक माणूस किती बाजूंनी धोका अंगावर घेतो, हे या एका नेमणुकीतून दिसते: स्वतःच्या समाजात तो फितूर ठरू शकतो, नव्या मालकाला त्याच्या भूतकाळाचा संशय असतो, आणि दोघांपैकी कोणीही त्याला संरक्षण देईलच असे नसते.

महापौर निवडताना तुकड्यांचा पहिला आधार बहुतेक वेळा गावचा धर्मगुरू असे, कारण त्याला सगळे ओळखत आणि पक्षाबाहेरचा माणूस म्हणून त्याच्यावर थोडा विश्वास टाकता येई. दुसरा आधार म्हणजे १९३३ पूर्वी, म्हणजे नाझी सत्तेवर येण्याआधी, पदावर असलेल्या लोकांच्या याद्या. कलोनचे १९३३ मध्ये हटवलेले महापौर कोनराड आडेनाउअर यांना अमेरिकनांनी १९४५ मध्ये याच मार्गाने परत पदावर बसवले. पुढे विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीचे विभाग वाटून घेतले तेव्हा ते शहर ब्रिटिशांच्या विभागात गेले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला त्यांना कामात कसूर केल्याचा ठपका ठेवून बडतर्फ केले. १९४९ साली तेच आडेनाउअर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. काही महिन्यांत दोन मित्रराष्ट्रांनी एकाच माणसाबद्दल इतके उलट निर्णय घेतले, याचे कारण त्यांच्यापाशी माणूस पारखण्याची कोणतीही समान मोजपट्टी नव्हती.

ती मोजपट्टी तयार करण्याचा प्रयत्न प्रश्नावलीच्या रूपाने झाला. अमेरिकी विभागात जबाबदारीच्या पदावर राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला १३१ प्रश्नांचा अर्ज भरावा लागे. जन्म, शिक्षण, उत्पन्न, सैन्यसेवा, पक्ष आणि त्याच्या संलग्न संस्थांचे सदस्यत्व, १९३२ मध्ये कोणाला मत दिले, येथपर्यंत चौकशी असे, आणि खोटी माहिती देणे हा शिक्षापात्र गुन्हा होता. उत्तरे पडताळण्याचे एक साधन अनपेक्षितपणे हाती लागले. नाझी पक्षाच्या मध्यवर्ती सदस्यनोंदीची कार्डे लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत पाठवण्यात आली होती. गिरणीमालकाने त्यांचा लगदा केला नाही, आणि लक्षावधी कार्डांचा तो साठा अमेरिकनांना मिळाला. त्यानंतर ‘मी सदस्य नव्हतो’ असे लिहिणे पुष्कळांना महागात पडले.

तरीही प्रश्नावलीने एक अडचण सोडवली नाही. सदस्यत्व ही नोंद होती, तिच्यावरून वर्तन कळत नव्हते. बढतीसाठी किंवा भीतीपोटी सदस्य झालेला पोस्टमास्तर आणि सदस्य नसूनही शेजाऱ्यांना पकडून देणारा माणूस, या दोघांमधला फरक कोणत्याही रकान्यात बसत नाही. वरून आलेल्या आदेशात नाममात्र सदस्यांपेक्षा अधिक सहभाग असलेल्यांना काढायचे असे म्हटले होते. नाममात्र कोणाला म्हणायचे ते मात्र प्रत्येक तुकडी आपल्या परीने ठरवत होती. बव्हेरियाच्या कारभाराची जबाबदारी असलेले जनरल पॅटन यांनी अनुभवी माणसांना कामावर ठेवण्याकडे कल दाखवला आणि सप्टेंबर १९४५ मध्ये पत्रकारांपुढे नाझी सदस्यत्वाची तुलना अमेरिकेतल्या पक्षनिष्ठेशी केली. गदारोळ उठला. बव्हेरियाचे नेमलेले मुख्यमंत्री फ्रिट्झ शेफर यांना २८ सप्टेंबरला काढण्यात आले आणि पॅटन यांचीही त्या पदावरून बदली झाली. त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, आठव्या क्रमांकाचा कायदा निघाला आणि पक्षसदस्यांना खासगी उद्योगातही साध्या मजुराखेरीज कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली.

एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलेल्या या धोरणाची किंमत शाळा आणि कार्यालयांनी मोजली. १९४६ च्या वसंत ऋतूपर्यंत अमेरिकी विभागात एक लाखाहून अधिक सरकारी नोकर काढले गेले होते. शिक्षकांवर नाझी राजवटीने सदस्यत्वासाठी विशेष दबाव आणलेला असल्यामुळे शाळा उघडताना पटावरील शिक्षकांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना वर्गात पाय ठेवता आला नाही, आणि निवृत्त वृद्धांना परत बोलवावे लागले. एवढ्या लोकांची प्रकरणे तपासणे परक्या अधिकाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे हे उमगल्यावर ५ मार्च १९४६ च्या कायद्याने ते काम जर्मनांच्याच स्थानिक न्यायमंडळांकडे सोपवले गेले. अमेरिकी विभागात सुमारे १ कोटी ३० लाख प्रौढांनी नोंदणीअर्ज भरले आणि मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत पाच वर्ग ठरवले गेले. आता या मंडळांवरही माणसे नेमायची होतीच, आणि आपल्याच गावच्या डॉक्टरला किंवा सावकाराला दोषी ठरवायला कोण पुढे येणार? शेजाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी दिलेल्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यांचे ढीग जमले आणि बहुसंख्य लोक ‘केवळ अनुयायी’ या चौथ्या वर्गात दंड भरून मोकळे झाले. अन्यायाची खंत बाळगणाऱ्याला हे वाचताना त्रास होतो, आणि व्हायलाही हवा. पण लाखो माणसांची नैतिक पारख एखादे कार्यालय करू शकेल, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

स्थानिक माणसांची ही कथा चालू असताना अमेरिकेची स्वतःची माणसे घरी निघाली होती. मे १९४५ मध्ये सैन्यमुक्तीसाठी गुणपद्धत जाहीर झाली: सेवेच्या प्रत्येक महिन्याला १ गुण, परदेशातल्या महिन्याला आणखी १, शौर्यपदकाला ५, आणि तीन मुलांपर्यंत प्रत्येक मुलामागे १२, ८५ गुण झाले की घरी. सैनिकांसाठी ही पद्धत न्याय्य होती यात शंका नाही. लष्करी प्रशासनासाठी मात्र तिचा परिणाम घातक ठरला, कारण प्रशिक्षित अधिकारी वयाने मोठे, मुलेबाळे असलेले आणि दीर्घ सेवेचे होते, म्हणजे सर्वांत आधी सुटणारे तेच होते. तीन वर्षे खर्चून शिकवलेली माणसे काम सुरू होता होता निघून गेली आणि त्यांच्या जागी जर्मन भाषेचा गंध नसलेले, बदलीवर आलेले अधिकारी बसले.

जर्मनीतले अमेरिकी लष्करी प्रशासन चालवणारे जनरल लूशिअस क्ले यांनी यावर काढलेला उपाय मला या सर्व प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गणवेश उतरवून त्याच खुर्चीवर मुलकी कर्मचारी म्हणून राहण्याची सोय त्यांनी अधिकाऱ्यांसाठी केली, आणि एप्रिल १९४६ पासून कुटुंबे जर्मनीत आणू दिली. घर आणि बायकामुले जवळ असल्याशिवाय चांगला माणूस उद्ध्वस्त देशात दोन वर्षे थांबत नाही, ही गोष्ट नियमावलीत लिहिलेली नसते. शिवाय क्ले यांनी कर्मचारीसंख्या वाढू दिली नाही. १९४५ च्या अखेरीस अमेरिकी लष्करी प्रशासनात सुमारे १२ हजार लोक होते आणि पुढे ती संख्या सतत घटत गेली. शेजारच्या ब्रिटिश विभागात नियंत्रण आयोगाचा पसारा सुमारे २५ हजारांवर पोहोचला होता आणि लंडनच्या संसदेत त्यावर टीका होत होती. माणसे कमी असल्यामुळे अमेरिकनांना जर्मनांच्या हाती कारभार लवकर द्यावा लागला. याचे श्रेय उदारपणाला दिले जाते, परंतु त्यात टंचाईचाही मोठा वाटा होता.

भुकेच्या काळात कार्यालयात भरती कशी होते, हेही येथे सांगितले पाहिजे. १९४६ मध्ये अमेरिकी विभागात सामान्य माणसाचा रोजचा शिधा काही काळ १,३०० उष्मांकांच्याही खाली गेला होता आणि चलनाला फारशी किंमत उरली नव्हती. त्यामुळे अमेरिकनांकडे टंकलेखक, चालक किंवा सफाई कामगार म्हणून लागणाऱ्या जर्मन माणसाला पगारापेक्षा दुपारच्या गरम जेवणाचे मोल अधिक होते. अशा वेळी प्राध्यापक दुभाषा होतो आणि वकील भांडारपाल होतो, आणि जिथे त्यांची खरी गरज आहे ती नगरपालिका रिकामी राहते.

जपानची तयारी वेगळ्या अडचणीतून गेली. जर्मन भाषा येणारे अमेरिकेत लाखो होते, त्यांत हिटलरच्या छळातून निसटून आलेले ज्यू तरुणही होते. जपानी भाषा वाचता येणारी माणसे मात्र अत्यंत कमी होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी तळावर विमाने ठेवण्याच्या एका रिकाम्या हँगरमध्ये जपानी भाषेचा वर्ग सुरू झाला, त्यात ६० विद्यार्थी होते आणि जवळजवळ सगळे जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक होते. काही महिन्यांत सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले आणि शाळा मिनेसोटात हलवावी लागली. आईवडील काटेरी कुंपणाआड आणि मुलगा त्याच सरकारसाठी भाषा शिकतो आहे, अशा अवस्थेत त्या शाळेतून युद्धकाळात आणि नंतर मिळून सुमारे ६ हजार भाषातज्ज्ञ बाहेर पडले. जपानमधील प्रशासनाचा रोजचा व्यवहार त्यांच्या जिभेवर चालला, आणि तरीही निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर ते क्वचितच बसले. या अन्यायाची नोंद घेतल्याशिवाय जपानमधल्या ‘यशस्वी’ प्रशासनाबद्दल बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

जपान शरण आला तेव्हा थेट लष्करी प्रशासनाचे जाहीरनामे छापून तयार होते. त्यांत सर्व सत्ता मित्रराष्ट्रांच्या सेनापतीकडे, इंग्रजी ही अधिकृत भाषा आणि व्यवहारासाठी लष्करी नोटा, अशी कलमे होती. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु यांनी ३ सप्टेंबर १९४५ रोजी हे सेनापती, म्हणजे जनरल मॅकआर्थर, यांची भेट घेऊन, जपानी सरकार आदेश पाळायला तयार असताना ते बाजूला सारू नये, अशी विनंती केली आणि जाहीरनामे मागे घेतले गेले. सात कोटींहून अधिक लोकसंख्येचा तो देश थेट चालवायला लागणारी माणसे मॅकआर्थर यांच्याजवळ नव्हती, आणि वॉशिंग्टनचे धोरणही आधीच अस्तित्वातील सरकारमार्फत काम करण्याकडे झुकले होते. त्यामुळे मंत्रालये, पोलीस, पोस्ट, रेल्वे सारे जपानी लोकांकडे राहिले. तोक्योतील मुख्यालयात १९४६ च्या सुरुवातीला सुमारे १,५०० आणि १९४८ मध्ये सर्वाधिक म्हणजे सुमारे ३,२०० कर्मचारी होते. प्रत्येक प्रांतात एकेक लहान तुकडी होती, पण तिला राज्यपालाला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. आदेशांची अंमलबजावणी होते आहे की नाही हे पाहून तिने वर कळवायचे होते.

इतक्या थोड्या लोकांत प्रत्येक नेमणुकीचे वजन वाढते. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि तोक्योत वाढलेल्या बेआटे सिरोटा यांना जपानमध्ये राहणाऱ्या आईवडिलांना भेटायचे होते. सामान्य नागरिकांना तेव्हा जपानमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी मुख्यालयातील नोकरी पत्करली आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्या पोहोचल्या. वय २२. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुख्यालयातील सुमारे दोन डझन लोकांच्या गटाने एका आठवड्यात नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला तेव्हा स्त्रियांच्या हक्कांचे कलम लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. जपानी स्त्रियांचे जगणे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते. आजच्या जपानी राज्यघटनेतील विवाहातल्या समानतेचे २४ वे कलम त्या मसुद्यातून आले आहे. त्या गटात वकील होते, परंतु राज्यघटनेचा तज्ज्ञ म्हणावा असा कोणी नव्हता. इतके मोठे काम इतक्या घाईत अशा गटाने करावे का, हा वाद जपानमध्ये अजून मिटलेला नाही, आणि तो रास्त आहे.

दुसरे उदाहरण भारताशी जोडलेले आहे. युक्रेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेच्या कृषिखात्यात आशियातील शेतीचा अनेक वर्षे अभ्यास केलेले वुल्फ लाडेजिन्स्की यांना जमीनसुधारणेसाठी तोक्योला बोलावण्यात आले. जपानी कृषिखात्यातील सुधारणावादी अधिकारी त्याच दिशेने विचार करत होतेच; त्या दोघांच्या मेळातून ऑक्टोबर १९४६ चा कायदा झाला आणि गैरहजर जमीनदारांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. पुढे लाडेजिन्स्की यांनी आयुष्याची शेवटची वर्षे भारतात काढली आणि इथल्या कूळव्यवस्थेवर परखड अहवाल लिहिले. विषयाचा माणूस शोधून नेमला आणि त्याला स्थानिक जाणकारांची जोड मिळाली, तर लहानसे कार्यालयही किती करू शकते, हे यावरून कळते.

जपानमधल्या खऱ्या मनुष्यबळाचा भार मात्र जपानी लोकांवरच होता. सैन्याच्या तळांवर, गोदामांत, स्वयंपाकघरांत, निवासस्थानांत दोन लाखांहून अधिक जपानी लोक कामाला होते. त्यांना काम अमेरिकी अधिकारी सांगत, पण पगार जपानी सरकार देत असे, आणि ताब्याचा एकूण खर्च सुरुवातीला सरकारी अंदाजपत्रकाच्या एकतृतीयांशापर्यंत गेला होता. काम सांगणारा एक आणि पगार देणारा दुसरा असला की कामाचे तास, अपघाताची भरपाई आणि बडतर्फी यांबद्दल दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न उभा राहतो, आणि तो राहिलाच. १९४७ मध्ये जपानी सरकारने हे व्यवहार पाहण्यासाठी वेगळे खाते काढले. पत्रे, वृत्तपत्रे आणि फोन तपासणाऱ्या विभागात तर सर्वाधिक भरतीच्या काळात ६ हजारांवर लोक होते आणि त्यांतले बहुसंख्य इंग्रजी शिकलेले जपानी होते. आपल्याच देशबांधवांची खासगी पत्रे उघडण्याची ती नोकरी होती, आणि उपासमारीच्या दिवसांत ती सहज नाकारता येण्यासारखी नव्हती.

महाराष्ट्राचा संबंध याच ठिकाणी येतो. राष्ट्रकुलाच्या सैन्यात १९४६ मध्ये जी ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन जपानला गेली, तिच्यातील ब्रिगेडिअर थिमय्या यांच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. शिमाने, तोत्तोरी, ओकायामा या पश्चिमेकडील प्रांतांत हे भारतीय जवान पहारे, शस्त्रसाठ्यांची मोजदाद आणि गस्त अशी कामे करत होते. कारभारात मात्र त्यांचा किंवा त्यांच्या अधिकाऱ्यांचा वाटा नव्हता, कारण राष्ट्रकुलाच्या सैन्याने लष्करी प्रशासनाची जबाबदारी घ्यायची नाही असे आधीच ठरले होते. त्यांच्या मुलखातही ती अमेरिकी तुकड्यांकडेच राहिली. १९४७ मध्ये भारतीय जवान परतले.

कोरियात जे घडले ते या विषयातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. पस्तीस वर्षे जपानची वसाहत असलेला हा देश शत्रू नव्हता, तो मुक्त व्हायचा होता. परंतु अमेरिकेच्या प्रशिक्षणवर्गांत जपानसाठी अभ्यासक्रम होता, कोरियासाठी नव्हता. ८ सप्टेंबर १९४५ रोजी जनरल हॉज यांचे सैन्य उतरले तेव्हा त्यांच्याजवळ कोरियन जाणणारी माणसे जवळजवळ नव्हती, म्हणून त्यांनी जपानी गव्हर्नर जनरल आबे आणि त्यांचे अधिकारी तात्पुरते पदावर राहतील असे जाहीर केले. कालपर्यंत ज्यांची गुलामी केली तेच पुन्हा खुर्चीवर, हे पाहून लोक संतापले. १२ सप्टेंबरला आबे यांना हटवावे लागले. त्यानंतर रिकाम्या झालेल्या जागा इंग्रजी बोलता येणाऱ्या कोरियन लोकांनी भरल्या. इंग्रजी कोणाला येत होते? परदेशी शिकलेल्या श्रीमंत घरांतल्या मुलांना आणि मिशनऱ्यांच्या शाळांत वाढलेल्यांना. खेड्यातल्या कुळाची तक्रार त्यांच्यामार्फत अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायची ती त्यांना हवी तशी होऊन पोहोचायची, आणि लोक या कारभाराला दुभाष्यांचे सरकार म्हणू लागले. पोलीसदलात तर जपानी राजवटीत काम केलेले कोरियन अधिकारीच वरच्या जागांवर राहिले, कारण प्रशिक्षित असे तेवढेच होते. १९४६ च्या शरद ऋतूत दक्षिण कोरियात उसळलेल्या दंगलींत जमावाचा सर्वाधिक राग पोलिसांवर निघाला.

या अनुभवांचा काही भाग पुढे कायद्यात उतरला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार ताब्यातील प्रदेशात १८ वर्षांखालील कोणालाही सक्तीने कामाला लावता येत नाही. प्रौढांकडून काम घ्यायचे तर ते ताबा सांभाळणाऱ्या सैन्याच्या किंवा लोकोपयोगी सेवांच्या गरजेपुरते असावे लागते, त्यामुळे कोणावरही लढाईत भाग घेण्याची पाळी येता कामा नये आणि योग्य मजुरी द्यावी लागते. स्थानिक न्यायाधीश आणि अधिकारी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून काम थांबवले तर त्यांना त्यासाठी शिक्षा करता येत नाही. अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्याचा हक्क मात्र ताबा घेणाऱ्या सत्तेकडे राखलेला आहे, म्हणजे बडतर्फीचा प्रश्न कायद्याने खुलाच ठेवला आहे.

बडतर्फ झालेल्यांपैकी पुष्कळ जण परत आले. जपानमध्ये जानेवारी १९४६ च्या आदेशाने सुरू झालेल्या मोहिमेत सुमारे २ लाख लोकांना सार्वजनिक जीवनातून बाजूला केले गेले होते, पण त्यांत लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता आणि मंत्रालयांतील नोकरशाहीला धक्का फारच थोडा लागला, कारण तिच्याविना कारभार चालणार नव्हता. बाजूला केलेल्यांपैकी बहुतेकांवरचे निर्बंध १९५१ च्या सुमारास उठले आणि हातोयामा इचिरो यांच्यासारखा बंदी घातलेला नेता १९५४ मध्ये पंतप्रधान झाला. पश्चिम जर्मनीत मे १९५१ मध्ये राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखाली कायदा होऊन युद्धानंतर पद गमावलेल्या सरकारी नोकरांना, गंभीर गुन्ह्यांत अडकलेले वगळून, नोकरीचे आणि निवृत्तिवेतनाचे हक्क परत मिळाले, आणि सरकारी कार्यालयांना किमान २० टक्के जागा अशा लोकांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी त्या जागा सांभाळल्या, त्यांत छळछावणीतून परतलेले, निवृत्तीतून बोलावलेले आणि प्रथमच सरकारी नोकरीत शिरलेले पुष्कळ लोक होते; आता त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्याच जुन्या सहकाऱ्यांबरोबर काम करायचे होते.